हसरा माणूस

वर्गात हशा पिकला तेव्हा तीही हसली, आणि इतरांच्या किंचित आधीच हसली. सरांच्या किश्शाला हसू कुठे यायचं हे तिला दोन वर्षांच्या सवयीने बरोबर ठाऊक झालं होतं. श्रम आणि मोबदला शिकवता शिकवता सर टेबलाच्या कडेला टेकले, चष्मा काढून हातात घेतला, की समजायचं, आता वही मिटायला हरकत नाही. "परवा एक पालक आले होते माझ्याकडे," सर म्हणाले. "मुलगी म्हणे आपल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. कुठली, नाव काय, काही सांगेनात. खुर्चीच्या टोकावर बसलेले, आणि मला विचारतात, साहेब, पोरीने ओव्हरटाइम केला तर डिग्री लवकर मिळेल का?" इथे तो पहिला हशा. "मी म्हटलं, म्हणजे कसं? तर म्हणाले, दिवसाची पाळी करून संध्याकाळचीही केली, रविवारीही आली, तर वर्षाचं काम सहा महिन्यांत उरकेल की. कामाला चलाख आहे आमची पोरगी." आता बाकं वाजली. तिच्या शेजारची मैत्रीण वहीवर कपाळ टेकवून हसत होती. सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, कारण खरी गंमत पुढेच होती. "आणि बोलताना सगळा वेळ त्यांचा हा अंगठा चालू! माझ्या टेबलावर तो प्लास्टिकचा पेनांचा डबा आहे ना, तो मांडीवर घेऊन त्याची कड नखाने खरवडत होते. ते गेल्यावर बघतो, तर डबा नव्यापेक्षा गुळगुळीत!"

त्या वेळी तिचं हसू तोंडातून अर्धं बाहेर आलेलं होतं आणि ते आत घेता येईना. सगळे हसत असताना आपण एकदम थांबलो तर कोणीतरी वळून बघेल, हा विचार तिला आधी सुचला, आणि तो माणूस आपला बाप, हा नंतर. म्हणून ती हसत राहिली. दात उघडे ठेवून, गाल वर ओढून, डोळ्यांच्या कडा बारीक करून, जसं हसायचं असतं तसं सगळं करत राहिली, आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी कडू, कोमट जमा होत गेलं. सरांनी चष्मा लावला. "पण यातला मुद्दा लक्षात घ्या," असं म्हणून ते पुन्हा फळ्याकडे वळले. यातला मुद्दा काय होता तो सगळ्यांनी उतरवून घेतला. तिनेही घेतला, आणि तिचं अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्या सुबक अक्षराचीच तिला पहिल्यांदा शिसारी आली.

असे अंगठे तिच्या घरी सगळ्यांनाच होते. नख एका बाजूने झिजलेलं, टोकाला चिरांची जाळी, आणि त्या चिरांत कायमचा बसलेला रंग. ज्या आठवड्यात निळी झाकणं येत त्या आठवड्यात निळा, हिरवी येत तेव्हा हिरवा. बाप ज्या कारखान्यात डब्यांच्या आणि बाटल्यांच्या गरम साच्यावर उभा राहायचा, तिथूनच ही झाकणं पोत्यांनी घरी यायची. साच्यातून निघालेल्या झाकणाला कडेने एक पातळ, फालतू पट्टी राहते. ती पात्याने काढायची, आणि पातं जिथे पोचत नाही तिथे नखाने. त्या पट्टीला घरात मिशी म्हणत. हा शब्द आईचा. लहानपणी दोघी बहिणींना कामाला बसवायची ती युक्ती होती, "चला, म्हाताऱ्यांच्या मिशा काढू." आता त्यात गंमत उरली नव्हती, नुसता शब्द उरला होता. खोलीभर मिशा असायच्या. अंथरुणात, चपलेत, पिठाच्या डब्यात. पहिल्या वर्षी एकदा भर वर्गात मैत्रिणीने तिच्या केसांतून एक निळी मिशी काढून दिली होती, "हे काय गं?" म्हणून. ती म्हणाली होती, पॅकिंगचं असेल काहीतरी. आणि घराचा एक नियम होता. कोणी कधी ठरवलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता. रिकाम्या हाताने बोलायचं नाही. काही सांगायचं असेल, मागायचं असेल, भांडायचं असेल, तर आधी ढिगापाशी बसायचं, पातं उचलायचं, एखादं झाकण साफ करून टोपलीत टाकायचं आणि मग तोंड उघडायचं. बारावीचा निकाल तिने असाच सांगितला होता, आणि कॉलेजात जायचंय हेही. बापाने तेव्हा वर न बघता विचारलं होतं, "किती वर्षं?" आणि "तीन" ऐकून मान हलवली होती, मालाच्या ऑर्डरची मुदत ऐकल्यासारखी. तोच तो माणूस सरांच्या केबिनमध्ये गेला. बोलायचं होतं आणि हात रिकामे होते. मग काय करणार, त्याने डबा उचलला. हे सगळं तिला इतकं स्वच्छ दिसत होतं, की सरांना ते दिसलं नाही याचा राग धरण्यातही अर्थ नव्हता. त्यांना कसं दिसणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि जिला कळत होतं ती दात काढून बसली होती.

तास संपल्यावर मैत्रिणीने तिला कॅन्टीनला ओढत नेलं. ही मैत्रीण मनाने वाईट नव्हती. या सगळ्यात कोणीच वाईट नव्हतं, हीच मोठी घाण होती. खलनायक असता तर थुंकायला एक जागा मिळाली असती. टेबल ओलं होतं, त्यावरून फिरवलेल्या फडक्याचा आंबट वास टेबलालाच चिकटून होता, आणि कोणीतरी अर्धवट खाऊन टाकलेल्या पावाच्या तुकड्यावर माशी पाय घासत बसली होती. मैत्रीण म्हणाली, "पण कसली गोड माणसं असतात ना गं? ओव्हरटाइम! मला तर रडूच आलं हसून हसून." हा गोड शब्द तिच्या अंगावर पालीसारखा पडला. हसले ते परवडले. हसण्यात निदान दार बंद असतं, आपण बाहेर आहोत हे कळतं. हे गोड म्हणणं म्हणजे गाल ओढणं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, तो गोड नाहीये. तो जेवताना आवाज करतो, मोरीत खाकरतो, आईवर पात्याचा हात उगारतो आणि मग तेच पातं झाकणावर चालवतो. त्याच्या घामाला जळक्या प्लास्टिकचा वास येतो, आणि तो वास माझ्या दुपट्ट्यालाही येतो म्हणून मी रोज स्टेशनरीच्या दुकानातली फुकटची अत्तराची बाटली दाबून येते. प्रत्यक्षात ती "हो ना," म्हणाली. मग तिला जाणवलं, की आपल्या हातातला पाण्याचा प्लास्टिकचा ग्लास गोल फिरतोय. अंगठ्याचं नख त्याच्या काठावरून आपसूक चाललं होतं, आणि काठाचा एक पांढरा, केसाएवढा तुकडा सुटून टेबलावर पडलाही होता. तिने हात झटकन मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिली. हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही. मैत्रीण पुढे काहीतरी बोलत होती, परीक्षेचं, सहलीचं.

सोमवारचं नाव कोणी काढू नये असं तिला आठवडाभर वाटत होतं, आणि घरात दुसरं नाव निघत नव्हतं. कारखान्याच्या सुपरवायझरने बापाला सांगितलं होतं, माल पाठवायच्या खात्यात एक मुलगी हवी आहे, कॉम्प्युटरवर पावत्या करायला. शिकलेली हवी, पण फार शिकलेली नको, डिग्रीवाल्या टिकत नाहीत. सोमवारी आणून उभी कर, नाहीतर दुसरी येते. आईची बोटं पावसाळ्यापासून सकाळी वळेनाशी झाली होती. पात्याऐवजी ती आता नुसत्या नखाने काम करायची, आणि पोतं आठवड्याला उरकायचं ते तसंच पडून राहायचं. खोलीच्या मालकाने भाडं वाढवलं होतं. "नखाने कोरून पोट भरत नाही," आई म्हणाली होती, आणि ते तिने कोणाला उद्देशून म्हटलं होतं ते घरात सगळ्यांना कळलं होतं. तिने नोकरी धरली नाही तर दुसरा रस्ता एकच होता, बापाने दुसरी पाळी घ्यायची. ही दुसरी पाळी तिने एकदा पाहिली होती, धाकटी आजारी पडली होती त्या वर्षी. साच्यासमोरून उठून पुन्हा साच्यासमोर. घरी आला की तो मोरीच्या उंबऱ्यावर बसायचा, ओकायचा, आणि ओकून झाल्यावर तोंड न धुता तिथेच भिंतीला टेकून झोपायचा. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात वाळलेलं पिवळं काहीतरी असायचं, आणि आई ते ओल्या फडक्याने पुसायची, लहान पोराचं पुसावं तसं. ती तेव्हा शाळेत होती. तिला कीव यायला हवी होती. तिला मळमळायचं, आणि मोरी वापरायची म्हणून त्याला ओलांडून जावं लागायचं. एकदा ओलांडताना तिचा पाय त्याच्या हाताला लागला, आणि झोपेतही त्याचा अंगठा हलला. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते ठीक, पण या विहिरीत आपल्याऐवजी दुसऱ्यालाच उतरवायचं असतं हे त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

निबंध द्यायचं निमित्त करून ती सरांच्या केबिनला गेली. काय करायला, हे तिला माहीत नव्हतं. सांगायला, की तो माझा बाप? की त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकायला? सर फोनवर होते. त्यांनी हसून हाताने बस म्हटलं, आणि ती खुर्चीवर बसली, तर टोकावरच बसली. मग मुद्दाम मागे सरकली. डबा समोर होता. करड्या रंगाचा, स्वस्तातला, वर पेनं, एक पट्टी, एक कात्री. त्याची कड खरोखरच गुळगुळीत झाली होती. एका जागी बोटभर मिशी तशीच होती. बापाचं नख तिथवर पोचलं तेवढ्यात बहुतेक सरांनी उठून निरोपाचा हात पुढे केला असणार. ती बोटभर मिशी बघून तिने नजर खिडकीकडे नेली. फोन ठेवून सर म्हणाले, "छान लिहितेस तू. एम.ए. करायचं बरं का. तुझ्यासारखी मुलं मधेच सोडतात." मग सहज, चौकशी म्हणून, "वडील काय करतात?" या माणसाने तिला स्वतःची पुस्तकं वाचायला दिली होती, परत मागितली नव्हती. "कंपनीत आहेत," ती म्हणाली. "अरे वा," सर म्हणाले. तिने पुन्हा डब्याकडे पाहिलं. नुसता अंगठा पुढे करायचा होता, बोटभर काम होतं. तिने केलं नाही. "येते सर," म्हणून उठली, तर सर दारापर्यंत सोडायला आले. सगळ्यांनाच सोडायला येत असतील.

बस न घेता ती चालत निघाली. रस्त्याच्या कडेला गटार उपसून काळा गाळ फूटपाथवरच टाकलेला होता, आणि लोक नाकाला रुमाल लावून त्याला वळसा घालत होते. ती वळसा न घालता कडेनेच गेली. येऊ दे वास. हा वास निदान उघडा होता, वर्गातल्यासारखा त्याला पावडर लावलेली नव्हती. मग तिला वाटलं, हेही नाटकच. गटाराशेजारून चालत गेल्याने कोणी बापाची पोर होत नाही. आणि बापाला तरी कोणी सांगितलं होतं जायला? न विचारता, न सांगता, कारखान्याच्या कपड्यांवर. कपडे बदलले असतील का? केसांना पाणी लावून भांग पाडला असेल, आणि शिपायाला साहेब म्हणाला असेल. आणि विचारायचं तर काहीतरी विचारण्यासारखं विचारावं माणसाने! फी माफ होते का विचार, हात जोड, रड. ते लोकांना समजतं. पण ओव्हरटाइम! जन्मभर त्याला एकच खरं ठाऊक, की माणूस दुप्पट राबला की काम अर्ध्या वेळात होतं. त्या एका गोष्टीवर त्याने घर चालवलं होतं, आणि तीच तो तिच्यासाठी घेऊन गेला होता. तिला त्याचा इतका राग आला, की रस्त्यातच डोळे भरून आले. ते तिने बाहीने पुसले, तर बाहीलाही तोच जळका वास.

घरी ढिगाभोवती तिघं बसली होती, आणि आजची झाकणं लाल होती. धाकटी म्हणाली, "ताई, चेहऱ्यावर बारा वाजलेत तुझ्या." तिने पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले, बसली, पातं उचललं. एक झाकण साफ केलं, टोपलीत टाकलं. मग विचारलं, "बाबा, तुम्ही कॉलेजात गेला होतात?"

आईचं नख थांबलं नाही, पण मान वळली. तिलाही ठाऊक नव्हतं म्हणजे. बाप म्हणाला, "गेलो होतो. कोणी सांगितलं? नाव तर मी सांगितलं नव्हतं."

"का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नसतं नाव. वरच्याकडे काही मागायला गेलं ना, तर माझ्यासाठी मागतोय असं नाही म्हणायचं. एकाच्यासाठी मागतोय म्हणायचं. नाव कळलं की माणूस डोळ्यावर येतो, मग त्याला खराब मशीन देतात." त्याने एक झाकण उजेडाकडे धरून बघितलं. "तुला त्रास नको म्हटलं. विचारून बघितलं, डबल पाळी करून सहा महिन्यांत होतं का. सहा महिने मी ओढली असती दुसरी पाळी. वर्ष जरा जड जातं आता. नाही होत म्हणाले."

"हसले का?"

"हसत होते की. हसरा माणूस आहे. मी बोलत होतो तोवर हसतच होता. आपला सुपरवायझर बघ, तोंड बघितलं की दूध नासेल. हा दारापर्यंत आला सोडायला." मग तो जरा पुढे झुकला, आणि त्याच्या तोंडावर एक चोरटा आनंद आला. "आणि काय सांगू, टेबलावर डबा आपला! आपल्याच साच्यातला, मी ओळखला ना. मिशी तशीच ठेवून माल सोडलेला, हात कापेल एखाद्याचा. साफ करून दिला. फुकट."

"काहीतरीच तुमचं," आई म्हणाली. "मोठ्या माणसाच्या वस्तूंना हात लावतात का?"

"अगं, तेवढ्यात हात चालला. त्याच्या काय लक्षात येतंय."

"आलं लक्षात," ती म्हणाली. आपण हे का सांगतोय ते तिला कळत नव्हतं. "आज वर्गात सांगितलं त्यांनी."

तिघांचे हात थांबले. बापाने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, डबा नव्यापेक्षा गुळगुळीत झालाय."

बाप हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग खोकला येईपर्यंत. धाकटी हसली, आणि आई वाकडी बोटं तोंडावर धरून हसली. "नव्यापेक्षा!" बाप म्हणाला. "सगळ्या वर्गासमोर?" तिने मान हलवली. सकाळचं वाक्य तेच, शब्द तेच, हसणारी माणसं दुसरी. या वेळी तिला हसायला हरकत नव्हती, आणि तिच्या गालांना ते जमेना. जिभेखालचं ते कडू तसंच होतं. खरं बोलून माणूस एवढा घाण होऊ शकतो हे तिला नवीन होतं.

खोकला ओसरल्यावर बापाने डोळे पुसले, पातं उचललं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "मग? सोमवारचं काय सांगू त्याला?"

पावत्या करायला गेली तर हा वास आयुष्यभराचा. नाही गेली तर ते बाक, ती मैत्रीण, तो हसरा माणूस, आणि रोज घरी आल्यावर मोरीच्या उंबऱ्यावर हा. किळस दोन्हीकडे सारखीच होती, आणि एक निवडायची होती. तिने पातं खाली ठेवलं. झाकण खाली ठेवलं. धाकटीने दचकून वर पाहिलं, कारण ताईचे हात रिकामे होते.

"नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "मी वर्ष पुरं करणार."

आवाज तिचाच होता, पण त्यात सरांच्या आवाजाची धाटणी आली होती, आणि ती तिला स्वतःला ऐकू आली. बापाने शिवी द्यायला हवी होती, निदान पातं आपटायला हवं होतं. तो "बरं" म्हणाला. एकदाच अंगठा मुठीत धरून दाबला, सोडला, आणि कामाला लागला. आईने त्याच्याकडे बघितलं, मग मोरीच्या उंबऱ्याकडे, मग ढिगाकडे. त्याच्या पुढ्यातली लाल झाकणं तिने दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि मुलीच्या मांडीशी लोटली.

"मग हात चालव," आई म्हणाली. "आता ह्यांच्या वाट्याचंही आपल्यालाच काढायचंय."